जगून दाखवणे हेही शौर्यच

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



समितीचे तरुण कार्यकर्ते महिन्यापूर्वी माझ्या घरी आले आणि म्हणाले, "गुरुजी, यंदा वर्धापनदिनाला पोरांना समजेल असं काहीतरी बोला. शौर्यावर बोला." मी हो म्हणालो. संध्याकाळी नातवाला सहज विचारले, "बाळा, शूर माणूस म्हणजे कोण रे?" तो लगेच म्हणाला, "जो एकटा दहा जणांना लोळवतो तो!" सिनेमात तसेच दाखवतात, त्याचा काय दोष? लढणाऱ्यांचे शौर्य आपल्याला परके नाही. भीमा कोरेगावचा स्तंभ आपण जाऊन पाहतो. महार रेजिमेंटमध्ये ज्यांचे वडील, आजोबा होते अशी घरे आपल्याच वस्तीत आहेत. त्यावर या व्यासपीठावरून पुष्कळ वेळा बोलले गेले आहे आणि पुढेही बोलले जाईल.

आज मी वेगळ्या प्रकारच्या शूर माणसांची हकीकत सांगणार आहे. त्यांच्या हातात बंदूक नव्हती की काठी नव्हती. काहींच्या अंगावर तर धड कपडेही उरले नव्हते. ही माणसे जपानमधल्या हिरोशिमा शहरातली. हकीकत खरी आहे आणि माणसेही खरी आहेत. शेवटी आपल्याच चाळीतली एक गोष्ट सांगेन. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

सहा ऑगस्टची सकाळ

१९४५ साल. दुसरे महायुद्ध संपत आले होते. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. जपानच्या लष्कराने त्या युद्धात चीनमध्ये आणि आशियातल्या इतर देशांत भयंकर अत्याचार केले होते. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले ते याच आक्रमणातल्या जखमींची सेवा करायला, आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. तेव्हा जपानचे राज्यकर्ते निर्दोष होते असे मी म्हणत नाही. पण मंडळी, बॉम्ब काही राज्यकर्त्यांना शोधून त्यांच्या डोक्यावर पडत नाही. तो घरांवर पडतो, शाळांवर पडतो.

६ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी अमेरिकेच्या विमानाने टाकलेला अणुबॉम्ब हिरोशिमावर सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. त्या वेळी शहरात साडेतीन लाखांच्या आसपास माणसे होती. त्या वर्षाच्या डिसेंबरअखेरपर्यंत त्यांपैकी सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली. घरे बहुतेक लाकडी. जी पडली ती पेटली. आणि त्या सकाळी बारा-तेरा वर्षांची हजारो शाळकरी मुले रस्त्यावर होती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे करायचे काम त्यांच्याकडून करून घेतले जात होते. त्यांतली बरीच मुले घरी परत आलीच नाहीत.

ढिगाऱ्याखालची मुलगी

सेत्सुको नाकामुरा नावाची तेरा वर्षांची मुलगी. इथे बसलेल्या आठवीतल्या मुलींएवढी. बॉम्ब फुटला तिथून १.८ किलोमीटरवर लष्कराच्या एका लाकडी इमारतीत ती आणि तिच्या वर्गातल्या तीसेक मुली सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामावर हजर झाल्या होत्या. कामाचा पहिलाच दिवस. खिडकीतून निळसर पांढरा झोत आला, आपण हवेत तरंगतो आहोत असे तिला वाटले आणि शुद्ध हरपली. शुद्धीवर आली तेव्हा काळोख होता आणि ती ढिगाऱ्याखाली अडकलेली. हलता येईना. आजूबाजूला मैत्रिणींचे क्षीण आवाज येत होते. कोणी आईला हाक मारीत होती, कोणी देवाला.

तेवढ्यात कोणाचा तरी हात तिच्या खांद्याला लागला. एका पुरुषाचा आवाज आला. धीर सोडू नकोस, रेटत राहा, त्या फटीतून उजेड दिसतोय ना, तिकडे सरपटत जा, असे तो सांगत होता. ती सरपटली आणि बाहेर आली. बाहेर पाहते तर इमारत पेटलेली. त्या खोलीतल्या बहुतेक मुली आत जिवंत जळाल्या. ती आणि आणखी दोघी, एवढ्याच तेवढ्या बाहेर पडल्या.

तो हात कोणाचा होता? सेत्सुकोला तो माणूस पुन्हा कधी दिसला नाही. नाव नाही, गाव नाही. इतिहासाच्या पुस्तकात त्याचा फोटो नाही. पण सगळे शहर जीव घेऊन पळत असताना तो एका अनोळखी पोरीसाठी पेटत्या ढिगाऱ्याशी वाकून उभा राहिला.

पुढे या तिघी जणी टेकडीच्या पायथ्याला असलेल्या लष्करी मैदानात पोचल्या. मैदान मरणाऱ्या माणसांनी भरलेले. सगळ्यांचे एकच मागणे, पाणी. भांडे नाही, पेला नाही. मुलींनी काय करावे? त्या ओढ्यावर गेल्या, अंगावरची पोलकी फाडली, पाण्यात भिजवली आणि एकेकाच्या तोंडाशी ती ओली चिंधी धरली. दिवस मावळेपर्यंत त्या हेच करीत होत्या. माता-भगिनींनो, पाण्याची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. तहानलेल्याच्या ओठाला पाणी लावताना त्या पोरींनी कोण कुठला हे विचारले नाही.

आपापल्या जागेवर उभे राहिलेले

आता रेडक्रॉसच्या इस्पितळात जाऊ. तिथले पंचवीस वर्षांचे तरुण डॉक्टर तेरुफुमी सासाकी. शहरातले बहुतेक डॉक्टर आणि परिचारिका ठार झाल्या होत्या किंवा जखमी होत्या. या इस्पितळातल्या डॉक्टरांपैकी अजिबात इजा न झालेले हे एकटेच. त्यांचा चष्मा तेवढा उडून फुटला. जखमी परिचारिकेचा चष्मा त्यांनी डोळ्यांना लावला. नंबर जुळत नव्हता, पण काम भागत होते. इस्पितळ सहाशे खाटांचे आणि दारात आले हजारो लोक. खाटांवर, जमिनीवर, जिन्यात, अंगणात. हा माणूस तीन दिवस जवळजवळ न झोपता मलमपट्टी करीत राहिला. भूलतज्ज्ञ नाही, औषध पुरत नाही, आणि हा आजार कसला आहे हेही तेव्हा कोणाला कळत नव्हते.

तिसरी गोष्ट ट्रामची. मुंबईतल्या जुन्या लोकांना ट्राम आठवत असेल. हिरोशिमात पुरुष लढाईवर गेल्यामुळे ट्राम कंपनीने १९४३ साली मुलींची शाळा काढली होती. मुली निम्मा वेळ शिकायच्या आणि निम्मा वेळ ट्रामवर कंडक्टर म्हणून, ड्रायव्हर म्हणून काम करायच्या. वय चौदा ते सतरा. बॉम्बने रूळ वाकले, तारा तुटल्या, डबे जळाले, त्या मुलींतल्याही कित्येक गेल्या. आणि तरी तीनच दिवसांनी, ९ ऑगस्टला, शहराच्या पश्चिम भागातल्या एका छोट्या टप्प्यावर ट्राम पुन्हा सुरू झाली. वाचलेल्या मुली कामावर आल्या. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांच्याकडून भाडे घेतले नाही, असे सांगतात. त्याच ९ ऑगस्टला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकी शहरावर दुसरा बॉम्ब पडला, हे ध्यानात घ्या. चहूकडे राख असताना घंटा वाजवत ट्राम आली तेव्हा शहर अजून जिवंत आहे असे लोकांना वाटले असेल. युद्ध संपले, पुरुष परत आले, मुलींची शाळा बंद झाली आणि त्या पोरींना लोक विसरून गेले.

दगडाने लिहिलेले नाव

सुनाओ त्सुबोई हा वीस वर्षांचा विद्यार्थी. इंजिनिअरिंग शिकत होता. बॉम्बच्या जागेपासून १.२ किलोमीटरवर रस्त्याने चालला होता. अंग भाजून निघाले. कसाबसा तो मियुकी पुलाजवळ पोचला. आता आपण मरणार अशी खात्री झाली तेव्हा त्याने एक खडा उचलला आणि जमिनीवर लिहिले, त्सुबोई इथे मेला. निदान कोणाला कळावे, एवढ्यासाठी.

पण तिथे लष्कराचा ट्रक आला. हुकूम झाला, फक्त तरुण पुरुषांनाच घ्यायचे. म्हणजे पुढे लढाईला उपयोगी पडतील असे. बायका नको, म्हातारे नको, मुले नको. एक छोटी मुलगी ट्रकवर चढू लागली. तिला ओरडून हाकलले. ती रडत आगीच्याच दिशेने पळाली. त्सुबोईला ट्रकमध्ये घेतले. तो त्या मुलीसाठी काही करू शकला नाही, आणि ही गोष्ट तो आयुष्यभर स्वतः होऊन सांगत राहिला. स्वतःच्या वाचण्याची फुशारकी त्याने कधी मारली नाही. आपल्याला जागा मिळाली आणि तिला मिळाली नाही, हे मात्र तो कधी विसरला नाही.

पुढे निनोशिमा बेटावर नेलेल्या हजारो जखमींतून त्याच्या आईने त्याला शोधून काढले. सुमारे चाळीस दिवस तो बेशुद्ध होता. युद्ध कधी संपले हेही त्याला कळले नाही. पुढे कर्करोगासकट कितीतरी दुखणी त्याने काढली आणि तरी तो गणिताचा शिक्षक झाला. मीही शिक्षक असल्यामुळे या माणसाबद्दल मला जास्त आपुलकी वाटते, हे कबूल करतो.

दुसरी परीक्षा

मंडळी, इथपर्यंत तुम्ही म्हणाल, वाचले बिचारे, संपली गोष्ट. पण खरी परीक्षा इथून सुरू झाली.

बॉम्बमधून वाचलेल्यांना जपानी भाषेत हिबाकुशा म्हणतात. त्यांच्याच देशातल्या लोकांना त्यांची भीती वाटू लागली. यांचा रोग आपल्याला लागेल, यांना वेडीवाकडी मुले होतील, हे कधीही मरतील. नोकरी देताना मालक मागे सरू लागला. सोयरीक जुळवताना मुलगी हिरोशिमाची का, हे गुपचूप विचारले जाऊ लागले. कित्येकांनी आपण तिथे होतो ही गोष्ट नवऱ्यापासून, बायकोपासून, मुलांपासून लपवली. त्सुबोईचे एका मुलीवर प्रेम होते. तिच्या घरच्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला, हा लवकर मरणार म्हणून. शेवटी १९५७ साली त्यांचे लग्न झाले. आणि लवकर मरणार म्हटलेला हा माणूस २०२१ पर्यंत, वयाच्या ९६ व्या वर्षापर्यंत जगला!

मेलेल्यांतही भेद झाला. त्या दिवशी हिरोशिमात हजारो कोरियन माणसेही मेली. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता आणि त्यांतल्या कितीतरी जणांना मजुरीसाठी आणलेले होते. त्यांचे स्मारक १९७० साली उभारले गेले ते शहराच्या शांती उद्यानाच्या बाहेर, नदीपलीकडे. ते आत यायला १९९९ साल उजाडावे लागले. एकाच बॉम्बने मेले, पण स्मारक मात्र हद्दीबाहेर! गावकुसाबाहेर म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यावर जास्त सांगायला नको.

आता माझी गोष्ट. लहानपणी आम्ही गिरणगावात चाळीत राहत होतो. आमच्या मजल्यावर एक गृहस्थ होते, आम्ही मुले त्यांना तात्या म्हणायचो. गिरणीत वाफेचा पाइप फुटून त्यांचा चेहरा आणि दोन्ही हात भाजले होते. कातडी आक्रसलेली, एक डोळा अर्धवट मिटलेला. ते नळावर आले की बायका हंडे बाजूला ओढून घ्यायच्या. तान्ह्या मुलांना कोणी त्यांच्यासमोर नेत नसे. लग्नाच्या पंगतीत ते आपणहून कडेला बसायचे. आणि हे करणारे कोण होते? आपलीच माणसे. ज्यांच्या आज्या-पणज्यांना पाणवठ्यावर उभे राहू दिले जात नव्हते, ती माणसे.

एकदा तात्यांनी मला चिक्कीचा तुकडा दिला. मी दहा वर्षांचा असेन. त्यांचा हात बघून मी तो घेतला नाही, पळालो. ते काही बोलले नाहीत.

ते वारले तेव्हा त्यांच्या शोकसभेत गिरणीतला एक कामगार उठून बोलला. पाइप फुटला तेव्हा तात्या बाहेर पडले होते. आत एक नवीन पोरगा राहिला होता, बदलीवर आलेला. तात्या परत आत गेले आणि त्याला ओढून घेऊन आले. तो पोरगा म्हणजे हा बोलणारा कामगार. आमच्या मजल्यावर वीस बिऱ्हाडे होती. इतक्या वर्षांत एकानेही तात्यांना विचारले नव्हते की, तात्या, हे कसं झालं? मीही नाही.

बोलणाऱ्यांचे धैर्य

म्हणून हिरोशिमाच्या माणसांचे मला फार मोठेपण वाटते. ते बोलले. बोलणे सोपे नव्हते. युद्धानंतर अमेरिकेचा ताबा १९५२ पर्यंत होता आणि बॉम्बबद्दल छापण्यावर बंधने होती. पुढे १० ऑगस्ट १९५६ रोजी या वाचलेल्या लोकांनी नागासाकीत आपली देशव्यापी संघटना स्थापन केली. तिचे नाव निहोन हिदानक्यो. औषधपाण्यासाठी त्यांनी सरकारशी भांडण केले, १९५७ साली त्यांच्यासाठी वैद्यकीय मदतीचा कायदा झाला. आणि पुढच्या पिढीवर हे येऊ नये म्हणून ते गावोगाव, देशोदेशी जाऊन आपली हकीकत सांगत राहिले.

सेत्सुको १९५४ साली अमेरिकेत शिकायला गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली होती. वार्ताहरांनी विचारले, तुला काय वाटते? तिने स्पष्ट निषेध केला. लगेच धमकीची पत्रे सुरू झाली. परक्या देशात एकटी मुलगी. पण गप्प बसायचे नाही असे तिने ठरवले. पुढे ती सेत्सुको थर्लो म्हणून कॅनडात समाजकार्य करू लागली. तिच्या शाळेतल्या ३५१ मुली आणि शिक्षक त्या दिवशी गेले. त्यांची नावे लिहिलेले कापड घेऊन ती सभांना जायची. आकडा सांगून ती थांबत नसे. प्रत्येकाला एक नाव होते, कोणीतरी त्यांच्यावर माया करीत होते, हे ती सांगायची. २०१७ साली अण्वस्त्रांवर बंदी घालणारा करार संयुक्त राष्ट्रांत मंजूर झाला आणि त्याच वर्षी त्यासाठी झटणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेला नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. तेव्हा ऑस्लोच्या मंचावर पंच्याऐंशी वर्षांची सेत्सुको उभी राहिली आणि तिने जगाला त्या फटीतल्या उजेडाची हकीकत सांगितली.

२०१६ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा हिरोशिमाला आले. पदावर असताना तिथे जाणारे ते पहिलेच. नव्वदी पार केलेले त्सुबोई काठी टेकत पुढे झाले आणि त्यांनी हसून त्यांचा हात हातात घेतला. ज्याने जमिनीवर स्वतःचे मरण लिहून ठेवले होते, तो माणूस सत्तर वर्षांनी शत्रूच्या देशाच्या प्रमुखाशी द्वेषाचा एक शब्द न बोलता बोलतो. आणि म्हणतो काय, तर ही शस्त्रे नाहीशी करा.

२०२४ साली निहोन हिदानक्योला नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. तोवर त्सुबोई राहिले नव्हते. सरकारदरबारी नोंद असलेल्या हिबाकुशांची संख्या २०२५ मध्ये प्रथमच एक लाखाच्या खाली आली. सगळे म्हातारे झाले आहेत. एकेक साक्षीदार जातो आहे.

आपण काय करायचे?

नुसते ऐकून घरी जाऊ नका, ही विनंती. आपल्या वस्तीतही वाचलेली माणसे आहेत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून ज्यांनी लेकरे जगवली त्या आजी आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात ज्यांची घरे गेली त्यांच्या नात्यातली माणसे इथे आहेत. गिरणीत, कारखान्यात, गटारात, रेल्वेलाईनवर ज्यांचे अंग मोडले ती आहेत. त्यांच्याकडे आपण कोपऱ्यात बसलेला म्हातारा म्हणून बघतो.

बालमित्रांनो, तुम्हाला एक गृहपाठ देतो. शिक्षक आहे ना, सवय जात नाही! शंभर पानी वही घ्या. येत्या रविवारी वस्तीतल्या एका म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा आणि विचारा, आजी, तुमच्यावर काय गुदरलं होतं? बाबा, हे कसं झालं? मग मध्ये न बोलता ऐका आणि लिहा. समितीला माझी सूचना आहे की, या वह्या विहाराच्या कपाटात जपून ठेवाव्यात आणि पुढच्या स्मरणिकेत त्यांतल्या चार हकीकती, त्या माणसांची परवानगी घेऊन, छापाव्यात.

नातवाला मी ही सगळी हकीकत सांगितली. त्याने मला विचारले, "आजोबा, तात्यांनी चिक्की दिली तेव्हा तुम्ही घ्यायला पाहिजे होती ना?" मी म्हणालो, "हो रे बाळा, घ्यायला पाहिजे होती." मला साठ वर्षे उशीर झाला. तुम्हाला होऊ नये, म्हणून हे सांगितले.



जयभीम! नमो बुद्धाय!